तात्यांच्या रानातला गाळ

मेंढरू आंधळं झालं तरी लवकर कळत नाही, कारण ते पुढच्याच्या मागोमाग चालत राहतं. तात्यांच्या लक्षात आलं ते एक मेंढी विहिरीच्या कठड्याला डोकं टेकवून उभी राहिली तेव्हा. हाकलली तरी हलेना, नुसती दात खात उभी. दुसऱ्या दिवशी ती एकाच जागी गोल गोल फिरायला लागली आणि तिसऱ्या दिवशी मेली. कुणी म्हणालं डोक्यात किडा झालाय, कुणी म्हणालं देवाचं काहीतरी राहिलंय. तात्यांनी देवाचंही केलं आणि किड्याचं औषधही पाजलं. पंधरा दिवसांत आणखी चार गेली.

तात्या माझे चुलते. मी दुसरीत असताना वडील गेले, पुढं मला तात्यांनीच वाढवलं. आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, कळंबच्या अलीकडं, एका ओढ्याच्या काठाला. घराण्यात पूर्वी मोठे कळप असायचे. वडिलांच्या वेळेपासून सगळे उसाकडं वळले, पण तात्यांनी अडतीस मेंढरं राखली होती. लोक चेष्टा करायचे की पाणी आलं, पाट आला, तरी हा गडी अजून काठीला धरूनच हाय. तात्या म्हणायचे, "ऊस काय, तोड आली की कारखान्याचा. मेंढरं आपली ऱ्हात्यात."

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी बारामतीला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. आमच्या अख्ख्या भावकीत पँटीला इस्त्री करून नोकरीला जाणारा मी पहिला, त्यामुळे घरी माझा मान जरा नाकापेक्षा मोती जड असाच होता. मेंढरं मरायला लागल्यावर तात्या एसटीनं बारामतीला आले आणि स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभे राहिले. मी म्हटलं, तात्या, चपला घाला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू एवढं शिकलास, मेंढरं कशानं मरत्यात त्ये बघ की."

एवढंच मागितलं होतं त्यांनी माझ्याकडं, आयुष्यात पहिल्यांदा. मेंढरं वाचवायची.

जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेल्या मेंढीचं काळीज बर्फात घालून पुण्याला पाठवलं. उत्तर आलं, विषबाधा, बहुधा शिसं. शिसं म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. ओढ्याच्या वरच्या अंगाला, माळावर, बाहेरच्या कुणीतरी पत्र्याची शेड मारून जुन्या बॅटऱ्या फोडायची भट्टी घातली होती. पाटी नाही, फाटक नाही. बॅटरीतलं आम्ल ओतून द्यायचे, शिसं वितळवून वड्या पाडायचे आणि उरलेली राख शेडच्या मागं टाकायचे. पावसाळ्यात ती राख ओढ्यात यायची.

मी ओढ्याचं पाणी तपासलं. पाण्यात काही नाही. तीनदा तपासलं, तीनदा पाणी पास. भट्टीवाल्याचा मुनीम हसून म्हणाला, "सर, आम्हीपण तेच पितो." मग मला कळलं की मी चुकीच्या जागी शोधतोय. शिसं पाण्यात फारसं विरघळत नाही, ते गाळाला धरून खाली बसतं. माणूस वरचं निवळ पाणी बघतो. मेंढरू उथळ पाण्यात पाय घालतं, गाळ ढवळतं आणि त्यातच तोंड घालतं. मी आमच्या डोहातला गाळ काढला. आकडा इतका मोठा होता की मी त्याच दिवशी तात्यांना निरोप धाडला, मेंढरं ओढ्यावर नेऊ नका.

आनंदानं म्हणा किंवा रागानं म्हणा, मी जिल्ह्याच्या ऑफिसात अर्जांचा पाऊस पाडला. वर्षभरानं तिथून एक समिती नेमली गेली. त्यात प्रदूषण खात्याचे एक अधिकारी होते, पाटबंधाऱ्याचे एक इंजिनिअर होते आणि दोघांच्या वर तज्ज्ञ म्हणून पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक. नद्यांच्या गाळाचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला होता. अभ्यास कसा करायचा, नमुने कुठून घ्यायचे, कुठला आकडा धरायचा आणि कुठला टाकायचा, हे सगळं त्यांच्या सहीनं होणार होतं. गावाकडची माहिती द्यायला आणि लोकांना निरोप पोचवायला स्थानिक माणूस म्हणून माझं नाव घातलं होतं.

मी माझी वही घेऊन पुण्याला त्यांच्या घरी गेलो. शाबासकी मिळेल अशी खात्रीच होती. सरांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "गाळ कशात आणला?"

"लोणच्याच्या बरणीत. स्वच्छ धुऊन."

"वाळवला कशावर?"

"कॉलेजच्या गच्चीवर, वर्तमानपत्रांवर पसरून."

"छपाईच्या शाईत शिसं असू शकतं," सर म्हणाले. "काढला कशानं?"

"पत्र्याच्या बादलीनं."

त्यांनी वही मिटली. त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच मला जास्त लागलं. "तुमचा आकडा खरा असेलही. पण यातलं किती ओढ्याचं आणि किती बादलीचं, हे मला सांगता येणार नाही. आणि मला सांगता आलं नाही तर भट्टीवाल्याचा वकील सांगेल." मी बारा वर्षं पोरांना चंचुपात्र धुवायला शिकवत होतो आणि स्वतः वर्तमानपत्रावर गाळ वाळवला होता. मला तोंड लपवायला जागा नव्हती. सरांनीच चहा मागवला, कपाटातून एक पारदर्शक प्लास्टिकची नळी काढली आणि ती गाळात कशी ठोकायची, वर बूच कसं लावायचं, उपसताना थर कसे जसेच्या तसे राहतात ते मला दाखवलं. खाली जुना गाळ, वर नवा. "आपण सगळं पुन्हा करू. फक्त तोवर तळाला कुणाचा हात लागला नाही पाहिजे," ते म्हणाले.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. घरी पोचवायला मात्र विसरलो.

समितीचा गुरुवार ठरला तेव्हा परीक्षांचे दिवस होते, मला वस्तीवर जाता येईना. मी तात्यांना कार्ड टाकलं; त्यांना ते वस्तीवरचं शाळेतलं कुणी पोर वाचून दाखवायचं. काय लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'येत्या गुरुवारी पुण्याहून मोठी माणसं आपला ओढा बघायला येणार आहेत. मेंढरं ओढ्यावर नेऊ नका. जरा तयारीत राहा.'

गुरुवारी सकाळी समितीच्या जीपमधून मी वस्तीवर उतरलो. वस्तीच्या तोंडाशी चुन्याच्या फक्कीनं पट्टे मारले होते. घराघरापुढं सडा, रांगोळी. तात्या कोरं धोतर आणि लग्नातला फेटा घालून नारळ हातात घेऊन उभे. बायका आरती घेऊन. आणि त्यांच्यामागं आमचा ओढा, जो मी जन्मात कधी तसा पाहिला नव्हता. काठची घाणेरी तोडलेली, पायऱ्या खणलेल्या, आणि डोहाच्या तळाशी सोन्यासारखी पिवळी वाळू.

"चार दिस सारी वस्ती राबली," तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले. त्यांचा चेहरा फुलून आला होता. "गुडघाभर काळा राडा हुता. सायबांचं पाय भरलं असतं. आपल्या घरचा मास्तर पाव्हणं घिऊन येनार आन ओढा असा घान ठेवायचा व्हय? ट्रॅक्टर लावून सगळा उपसला. नदीची वाळू आनून टाकली."

पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडं आधी झाडू हातात घेतात. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? मी त्याच घरात वाढलो होतो. तरी मी लिहिलं, जरा तयारीत राहा.

सरांनी नारळ घेतला, फेटा बांधून घेतला, वाकून म्हाताऱ्यांना नमस्कारही केला. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून डोहात उतरले. नळी ठोकली. ती वाळूत वीतभर जाऊन खडकाला थडकली. तीन जागी ठोकली, तिन्ही जागी तेच. प्रदूषण खात्याचे अधिकारी घड्याळाकडं बघत होते. सरांनी तरी नमुने घेतले, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आमच्या सह्या घेतल्या आणि ओल्या हातानं आपल्या वहीत लिहिलं. मी वाकून वाचलं. 'तळ हलवलेला आहे. या नमुन्यांवरून काहीही निष्कर्ष काढता येणार नाही.' निदान 'ओढा स्वच्छ' असं तरी त्यांनी लिहू दिलं नाही. अधिकारी तसंच लिहायच्या बेतात होते. सर त्यांना म्हणाले, "वाळू तपासून गाळाबद्दल बोलता येत नाही."

मग त्यांनी मला बाभळीखाली बोलावलं.

"काढलेला गाळ कुठं गेला?"

मी तात्यांना जाऊन विचारलं. तात्यांनी अभिमानानं हात केला. ओढ्यालगतच्या त्यांच्या स्वतःच्या रानात, ज्वारी निघालेल्या धसकटांवर, काळा थर नीट पसरला होता. गाळ रानात टाकायचा हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तळ्याचा, ओढ्याचा गाळ म्हणजे खत. कल्पना तात्यांची होती म्हणून गाळही मानानं त्यांच्याच वाट्याला आला होता.

मी परत येऊन सरांना सांगितलं. त्यांनी रानाकडं पाहिलं. "त्या रानात जनावरं सोडू नका," ते म्हणाले. "मेंढरं तर अजिबात नाही. ती मुळापाशी खातात, मातीसकट. भाजीपालाही नको. आजच सांगा त्यांना. मी सांगू का?"

"नको सर, मी सांगतो," मी म्हटलं. "मी सांगितलेलं बरं."

सरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

पंगत बसली. तात्या स्वतः वाढत होते. पाहुणे नको नको म्हणत असताना पुरणपोळीवर तूप ओतत होते, इतका आनंद झाला होता त्यांना. आयुष्यभर रानोमाळ हिंडलेला माणूस, चावडीवर कुणी बस म्हणेपर्यंत उभा राहणारा, आणि आज जीपमधून आलेले साहेब त्यांच्या ओट्यावर मांडी घालून जेवत होते. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "आता मेंढरं वाचली समजा. आमच्या पोरानं सरकार दारात आनलं." मी खाली मान घालून पोळी खात राहिलो. गाळाबद्दल सांगायचं म्हणजे रानाबद्दल सांगायचं, आणि रानाबद्दल सांगायचं म्हणजे त्यांनी चार दिवस राबून काय घालवलं तेही सांगायचं. मला ते तोंडातून काढवेना. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. रविवारी येऊन सांगू.

रविवारी गेलो तर पाहुणे आले होते. त्याच्या पुढच्या रविवारी काकी आजारी होत्या. पुढं मला पेपर तपासायला पुण्याला बोलावलं आणि मी गेलो. हे सगळं खरं आहे, पण कारणं म्हणून सांगताना मला त्यांची लाज वाटते. सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी भित्रा होतो, आणि वर त्याला प्रेम म्हणत होतो.

मी मनाशी हिशेब केला होता की मेंढरं ओढ्यापासून लांब आहेत, म्हणजे सुरक्षित आहेत. तात्या सांगितलेलं तंतोतंत पाळणारा माणूस. ओढ्यावर नेऊ नका म्हटलं होतं, तर ते कळपाला रोज विहिरीचं पाणी शेंदून पाजत होते. पण मेंढरं बसवायची कुठं? पेरणीच्या आधी महिनाभर कळप रानात बसवायचा, म्हणजे लेंड्यांचं खत मिळतं, ही आमची जुनी रीत. दुसऱ्यांच्या रानात बसवलं की धान्य मिळतं. पण त्या वर्षी तात्यांनी कळप स्वतःच्या रानात बसवला, कारण तिथं नवा गाळ पडला होता आणि वर लेंड्या पडल्या तर जमीन सोन्याची होईल असं त्यांना वाटत होतं. चारी बाजूंनी वाघर लावली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या आत सारा मे महिना मेंढरं ती धसकटं खात होती, माती चाटत होती.

मी पुण्याहून परत आलो तेव्हा तात्या वाघरीबाहेर बसले होते. आत एक मेंढा जाळीत डोकं खुपसून उभा होता. दोन मेंढ्या गोल फिरत होत्या. कडेला पोत्यांखाली काय होतं ते विचारायची मला गरज पडली नाही.

"ओढ्यावर एक दिस न्हेली न्हाईत," तात्या म्हणाले. "तुज्या गळ्याशपथ न्हेली न्हाईत. तरी कशी रं?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "तात्या, कळप हितनं हलवा. माळाला न्या. हितं ऊन लई हाय." उन्हाचं निमित्त केलं. तात्यांनी त्याच पावली वाघर गुंडाळली. पण जे पोटात गेलं होतं ते गेलं होतं. आषाढापर्यंत चौदा मेली. उरली ती हडकलेली, डोळ्यांना पाणी लागलेली, तात्यांनी ती भवानीनगरकडच्या एका सोयऱ्याला नेऊन दिली. म्हणाले, माझ्या हाताला यश नाही राहिलं. ज्या माणसाला मेंढरानं शिंक दिली तरी कशाची ते कळायचं, तो असं म्हणाला. ओढ्याचं विष उशिरा भिनलं असेल, असं त्यांनी स्वतःचं समाधान करून घेतलं. मी ते तसंच राहू दिलं.

सरांचं पत्र आलं. डोहात पुन्हा गाळ साचू द्या, दोन पावसाळे. तोवर कुणी फावडं लावू नये, वाळू काढू नये, म्हशी डुंबवू नयेत. मग पुन्हा नमुने घेऊ. हे पत्र मात्र मी त्याच दिवशी जाऊन वाचून दाखवलं. पहिल्या वेळी आपण डोह साफ केला म्हणून नमुने फुकट गेले, हेही तेव्हाच सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी घान ऱ्हाऊ द्यायची हुती व्हय. मग आता मी राखतो." त्यांना त्याचा जो काय त्रास व्हायचा तो तेवढाच झाला. त्याच ओघात रानाचंही सांगून टाकता आलं असतं. पण आता रानाच्या मागं चौदा मेंढरं उभी होती, आणि मी एवढंच म्हटलं की त्या पट्टीत तोवर काही पेरू नका, सरांना तीही माती तपासायची आहे.

मेंढरं नव्हती, त्यामुळे तात्यांना वेळच वेळ होता. डोहाभोवती त्यांनी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं आणि दोन वर्षं तो गाळ राखला, कळप राखायचे तसा. कुणाची म्हैस आली की हाकलायचे. पोरं पोहायला आली की दगड भिरकवायचे. वाळूवाल्यांशी तर त्यांचं एकदा हातघाईवर आलं. लोक म्हणायचे, म्हातारं चिखलावर बसलंय. तात्या म्हणायचे, "बसलोय. तुमचं काय जातंय?"

दुसऱ्यांदा सर आले तेव्हा नारळ, फेटा काही नव्हतं. तात्यांनी कुणाला रांगोळीसुद्धा काढू दिली नाही. नळी या वेळी भसकन आत गेली. सरांनी ती उपसून उन्हात धरली आणि तात्यांना जवळ बोलावून दाखवलं. तांबूस माती, त्यावर राखेचा काळसर पट्टा, वर पुन्हा माती, पुन्हा पट्टा. दोन पावसाळे आणि दोन पट्टे, बोटानं मोजता येतील असे. तात्यांनी नळीला हात न लावता वाकून पाहिलं. म्हणाले, "आसं हाय व्हय." मग सरांनी रानातलीही माती घेतली; तिथं कळप बसवला होता आणि चौदा मेली, एवढं मी त्यांना पत्रानं कळवलं होतं. जीपमध्ये बसताना त्यांनी मला सहज विचारलं, "या रानाचं तुम्ही तेव्हा सांगितलंत ना त्यांना?"

"हो सर," मी म्हटलं.

अहवाल यायला आणखी वर्ष गेलं, पण आला तो असा आला की भट्टीवाल्याच्या वकिलाला बोट ठेवायला जागा उरली नाही. भट्टीला टाळं लागलं. सरांनी एक प्रत मला पाठवली. तात्यांना तिची फार ओढ होती. अहवाल इंग्रजीत, तात्यांना अक्षरओळख नाही, म्हणून मी ओट्यावर बसून एकेक वाक्य मराठीत सांगत वाचायला लागलो. तात्या भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. आपल्या डोहाचं नाव आलं की मान हलवत होते.

रानाचा भाग आला. मी तो आधी वाचला होता. गाळून पुढं जायचं असं ठरवूनच बसलो होतो. पण पान उलटताना मी थांबलो.

"का थांबलास?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही. आकडेच आहेत."

"आकडं सांग मग."

मी आकडे सांगितले. त्यांना ते कळले नाहीत, पण मोठे आहेत हे कळलं. मग मला पुढचं वाक्यही वाचावं लागलं, कारण ते डोळे उघडून माझ्याकडं बघत होते. मी वाचलं, "या रानात जनावरं सोडू नयेत असं शेतमालकास पहिल्या भेटीच्या दिवशीच कळवण्यात आलं होतं. तरीही तिथं कळप बसवला गेला आणि चौदा मेंढरं दगावली."

घरात काकींचं जातं चालू होतं, तेवढाच आवाज येत होता.

"शेतमालक म्हंजी मी?"

"हो."

"मला कुनी कळवलं?"

मी सांगितलं. बाभळीखाली सर काय म्हणाले, मी काय म्हणालो, पंगतीत का बोललो नाही, रविवार कसे गेले, उन्हाचं निमित्त कसं केलं, आणि सरांना हो म्हणून कसं खोटं बोललो. सगळं सांगितलं. मला रडू येत होतं. तात्यांना येत नव्हतं. त्यांनी मला थांबवलंही नाही.

"म्हंजी कागदावर मी मारली माझी मेंढरं," शेवटी ते म्हणाले. "सांगून सवरून, मस्तीनं. आसं लिवलंय."

"तात्या..."

"त्ये बदलून आन. बाकी मला काय नगं."

मी त्याच संध्याकाळी सरांना पत्र लिहिलं. काही हातचं राखलं नाही. उत्तराची वाट बघताना मला वाटत होतं की नोकरी गेली तरी चालेल, पण सरांनी माझ्याकडं पाहून एकदा ओरडावं. ते ओरडणाऱ्यांतले नव्हते. पंधरा दिवसांनी अहवालाची दुरुस्ती आली, एक पान, खाली त्यांची सही. दुरुस्ती इंग्रजीतच होती, पण खाली सरांनी स्वतःच्या हातानं मराठीतही लिहिलं होतं. 'शेतमालकास कळवण्यात आले होते, हे विधान चुकीचे आहे. त्यांना कळवण्यात आले नव्हते. कळवण्याची जबाबदारी स्थानिक प्रतिनिधीची होती. मेंढरांच्या मृत्यूत शेतमालकाचा कोणताही दोष नाही.' वेगळ्या चिठ्ठीवर मला एकच ओळ होती. ही दुरुस्ती सर्व संबंधितांना पाठवली आहे.

मी ते पान घेऊन वस्तीवर गेलो. तात्या ओट्यावरच होते. मी मराठीतलं वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा कागद स्वतःच्या हातात घेऊन दोष नाही हे कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्यांनी त्या जागी अंगठा टेकवून ठेवला.

"त्या दिशी पंगतीतच सांगितलं असतंस," तात्या म्हणाले, "तर मला एक दिस वाईट वाटलं असतं. लई तर दोन दिस. मानूस हाय, जेवलो नसतो." ते रानाकडं बघत होते. "मेंढरं तर ऱ्हायली असती, लेका."

त्यांनी कागदाची घडी घातली, फेट्याच्या पेटीत नेऊन ठेवली आणि काकींना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.